माई चहा पिणार नाहीत

माझ्या टेबलाच्या खणात एक निळे आंतरदेशीय पत्र आहे. ते सांगलीहून आलेले आहे, आणि त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. त्या काळात एका दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेली कादंबरी मी लिहिली होती. मालिका कोणती आणि प्रकाशक कोण, हे सांगण्यात आता काही हशील नाही. सहा आठवड्यांत दोनशे पाने द्यायची होती. हाती काही भागांच्या व्हिडिओ कॅसेट्स, उरलेल्या भागांचे टाइप केलेले सारांश आणि एकरकमी मानधनाचा करार एवढीच सामग्री होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नायिकेचा डोळ्यांत पाणी आणलेला चेहरा होता. माझे नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या नावाच्या जरासे वर, शोधले तर सापडेल असे होते.

पत्र लिहिणाऱ्या बाईंनी पुस्तकाच्या भाषेबद्दल एक अक्षर लिहिले नव्हते. कथानक सैल आहे की घट्ट, याच्याशीही त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांचा मुद्दा एकच होता. मालिकेतल्या माईंनी एका भागात, धाकट्या दिराच्या घरचे पाणीही पिणार नाही, असे सांगितले होते. माझ्या कादंबरीत त्याच घरात बसून माई चहा घेत होत्या. तो सारांश ज्याने टाइप केला त्याने ती शपथ गाळली होती, आणि मी मूळ भाग पाहिला नव्हता. बाईंनी शेवटी लिहिले होते : ‘तुमच्या पुस्तकातल्या माई चहा पितात. आमच्या माई पिणार नाहीत.’

तेव्हा मला राग आला होता. ‘मालिकाच ती! तिच्यातल्या चहाचे काय एवढे?’ असे म्हणून मी पत्र खणात टाकले आणि त्याला उत्तर दिले नाही. त्या पत्राचा अर्थ मला कळला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तोही एका रक्तपिपासू तरुणाच्या रोजनिशीमुळे.

२०११ च्या उन्हाळ्यात माझी भाची न्यू जर्सीहून पुण्याला सुटीला आली होती. वय वर्षे पंधरा. तिच्या बॅगेत एक कादंबरी होती : ‘स्टीफन्स डायरीज’ या मालेतले ‘ब्लडलस्ट’ नावाचे दुसरे पुस्तक. अमेरिकेतल्या ‘द सीडब्ल्यू’ वाहिनीवर सप्टेंबर २००९ मध्ये ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही मालिका सुरू झाली होती, आणि तिच्या लोकप्रियतेवर ही पुस्तके बेतलेली होती. इंग्रजीत अशा पुस्तकांना ‘टाय-इन’ म्हणतात. गोष्ट आधी पडद्यावर येते, मग तिच्या मालकाच्या परवानगीने कोणी तरी पुस्तक लिहितो. दुपारी भाची झोपली असताना मी ते सहज चाळायला घेतले आणि पाहतो तो काय, पानोपानी समासात पेन्सिलीने टिपा लिहिलेल्या! कुठे मराठीत, कुठे इंग्रजीत. ‘चूक.’ ‘हे कधी झालं?’ ‘ही कोण?’ ‘डेमन असं म्हणेल, पण असं करणार नाही.’ आणि एका ठिकाणी दोनदा अधोरेखित केलेले : ‘लेक्सी इथे? अशक्य!’

संध्याकाळी मी तिला विचारले, ‘एवढे वाईट पुस्तक आहे, तर वाचलेस कशाला?’

‘अरे मामा, पुस्तक वाईट नाहीये,’ ती म्हणाली. ‘मी दोनदा वाचलंय. पण तो स्टीफन नाहीये.’

मला एकदम माई आठवल्या.

भाचीची तक्रार नेमकी काय होती ते सांगतो, कारण तपशिलाशिवाय असल्या तक्रारी पोरकट वाटतात. मालिकेचे नायक स्टीफन आणि डेमन साल्वातोर हे दोन सख्खे भाऊ. १८६४ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत, व्हर्जिनियातल्या मिस्टिक फॉल्स नावाच्या काल्पनिक गावात, कॅथरीन नावाच्या एकाच स्त्रीपायी दोघेही व्हॅम्पायर होतात. ‘ब्लडलस्ट’मध्ये हे नवे व्हॅम्पायर न्यू ऑर्लिन्सला पोचतात, आणि तिथे स्टीफनला लेक्सी भेटते. वयाने त्याच्याहून कितीतरी मोठी असलेली ही व्हॅम्पायर मैत्रीण त्याला रक्ताच्या हव्यासावर ताबा मिळवायला शिकवते. हे पुस्तक जानेवारी २०११ मध्ये बाजारात आले. पुढच्याच महिन्यात मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला ‘द डिनर पार्टी’ हा भाग प्रसारित झाला. त्यात लेक्सी स्टीफनला १८६४ सालीच भेटताना दिसली, पण मिस्टिक फॉल्समध्ये! एकाच मालकाच्या दोन दुकानांनी एकाच मैत्रीचे दोन वेगवेगळे जन्मदाखले दिले होते, तेही पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने. भाचीने पेन्सिल उचलली ती त्या रात्री.

त्याआधीच्या ‘ओरिजिन्स’ या पहिल्या पुस्तकात तर स्टीफनचा रोझलिन नावाच्या मुलीशी वाङ्निश्चय झालेला दाखवला होता. पडद्यावर या वाग्दत्त वधूचा मागमूस नव्हता. आता ज्या माणसाचे सगळे दुःख ‘मी एकाच स्त्रीवर प्रेम केले आणि तिने माझा घात केला’ या पायावर उभे आहे, त्याच्या आयुष्यात आणखी एक मुलगी घुसवली की पाया हलतो. भाचीला हे नेमके कळले होते. तिचे समासातले ‘ही कोण?’ हे दोन शब्द म्हणजे उत्तम समीक्षा होती.

असे का होते, हे सहा आठवड्यांत कादंबरी पाडलेल्या माझ्यासारख्या माणसाने सांगितलेले बरे. मालिकेवर पुस्तक लिहिणारा लेखक बिचारा चालत्या गाडीची चाके रंगवत असतो. त्याच्या हाती जुन्या संहिता असतात. पुस्तक लिहून, तपासून, छापून दुकानात जाईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि तेवढ्यात पडद्यावरची गोष्ट कुठल्या कुठे गेलेली असते. मालिका लिहिणारी मंडळी ही पुस्तके वाचायला बांधलेली नसतात. शिवाय मालकाची एक अट बहुधा असतेच : पात्रे जशी दिली तशीच परत करायची. कोणाला मारायचे नाही, कोणाचे लग्न लावायचे नाही, कोणाला कायमचे शहाणपण येऊ द्यायचे नाही. मग लेखक बापडा काय करणार? तो भूतकाळात शिरतो, कारण तिथे मोकळी जागा दिसते. आणि नेमके त्याच जागेवर मालिकावाल्यांनाही पुढे बांधकाम करायचे असते.

हा धंदा जुना आहे. अमेरिकेतच १९६६ ते १९७१ या काळात एबीसी वाहिनीवर ‘डार्क शॅडोज’ नावाची दुपारची दैनंदिन मालिका चालू होती. तिचे बाराशेहून अधिक भाग झाले. सुरुवातीला तीत व्हॅम्पायर नव्हताच. मालिका मरायला टेकली तेव्हा, १९६७ मध्ये, बार्नाबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर काही आठवड्यांचा पाहुणा म्हणून आणला गेला. जोनाथन फ्रिड या नटाने तो असा काही रंगवला की पाहुणाच घरधनी झाला. शाळेतून धावत घरी येऊन ही मालिका पाहणारी एक पिढीच्या पिढी तिकडे आहे. या मालिकेवर १९७२ पर्यंत बत्तीस कादंबऱ्या निघाल्या. मुखपृष्ठावर नाव असे ते ‘मेरिलिन रॉस’. प्रत्यक्षात लिहीत होते डॅन रॉस हे कॅनडातले गृहस्थ. मेरिलिन हे त्यांच्या पत्नीचे नाव. वेगवेगळ्या टोपणनावांनी त्यांनी तीनशेहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा बार्नाबस पडद्यावरच्या बार्नाबसशी फारसा जुळत नाही. तो वेगळ्याच काळात, वेगळ्याच माणसांत वावरतो. तरीही पोरांनी ती पुस्तके घेतली आणि जपली. याचे कारण माझ्या मते साधे आहे. त्या काळी मालिकेचा भाग एकदा दिसला की हवेत विरून जाई. पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. हातात धरण्यासारखा बार्नाबस फक्त कागदावरच मिळत होता. तो थोडा चुकीचा असला तरी चालण्यासारखे होते.

पुढे घराघरांत व्हिडिओ आला, डीव्हीडी आल्या, आणि हे सगळे उलटले. आता मूळ भाग हवा तेव्हा पाहता येतो, थांबवून पाहता येतो. मग अशा कादंबरीचे काम आठवण जपण्याचे उरले नाही. ती एक दावेदार झाली. ‘तुम्हाला जे माहीत नाही ते मी सांगते’ असे म्हणत ती दारात उभी राहू लागली. आणि दावेदाराची उलटतपासणी होणारच.

आपल्याकडच्या साहित्यिक वर्तुळात या उलटतपासणीची टिंगल करण्याची पद्धत आहे. ‘चाहते’ हा शब्दच आपण जरा नाक मुरडून उच्चारतो. कादंबरीला विचारायचे प्रश्न म्हणजे भाषा, आशय, जीवनदृष्टी वगैरे. ‘हा माणूस असा वागेल का?’ हा प्रश्न आपल्याला बाळबोध वाटतो. मला वाटते, सगळ्या प्रश्नांत तोच मोठा आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला १९६७ पासून आजवर जे वाचक लाभले, त्यांतल्या अनेकांनी मनाशी हाच प्रश्न विचारला असेल की, कर्ण असा होता का? फरक एवढाच की कर्णाचा मालक कोणी नाही. सावंतांना कोणाची परवानगी काढावी लागली नाही, आणि एखाद्या वाचकाला त्यांचा कर्ण पटला नाही तर त्याला दुसरा कर्ण लिहिण्याची मुभा होती. ‘व्हॅम्पायर डायरीज’ची गोष्ट इथेच वेगळी होते. त्यातल्या पात्रांना मालक आहे, आणि तो त्यांना जन्म देणारा लेखक नाही.

मालिका ज्यावरून निघाली त्या मूळ कादंबऱ्या एल. जे. स्मिथ या अमेरिकन लेखिकेच्या. पहिल्या तीन १९९१ मध्ये आल्या, चौथी १९९२ मध्ये. त्यांतले भाऊ व्हर्जिनियाचे नव्हतेच, ते इटलीतल्या प्रबोधनकाळातले होते. गावाचे नाव फेल्स चर्च होते. नायिका एलिना सोनेरी केसांची होती. पडद्यावर नीना डोब्रेव्ह आली आणि केस गडद झाले. इथवर ठीक. पुस्तकाचे चित्ररूप करताना असे बदल होतात आणि चाहते कुरकुरत का होईना, ते पोटात घालतात. पण स्मिथबाईंनी ही पुस्तके एका पुस्तकनिर्मिती कंपनीसाठी, कामाचा मोबदला घेऊन सगळे हक्क सोडून देण्याच्या करारावर लिहिली होती. त्या कराराचा अर्थ त्यांना नंतर कळला. २०११ मध्ये, मालिका ऐन भरात असताना, त्यांना त्यांच्याच मालेवरून दूर करण्यात आले. पुढची पुस्तके दुसऱ्या हातांनी लिहिली, आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव ‘निर्मिती’ म्हणून राहिले. ‘स्टीफन्स डायरीज’वर तर ‘एल. जे. स्मिथ यांच्या कादंबऱ्यांवर आणि मालिकेवर आधारित’ अशी ओळ होती. ज्याने वाक्ये लिहिली त्याचे नाव मुखपृष्ठावर नव्हते. घाईने पुस्तक उचलणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला वाटणार की स्मिथबाईंनीच लिहिले. माझ्या भाचीलाही तसेच वाटले होते. समासातल्या पहिल्या काही टिपा तर थेट त्यांनाच उद्देशून होत्या : ‘तुम्ही विसरलात का?’

बाई विसरल्या नव्हत्या. त्यांना लिहूच दिले नव्हते.

आता यापुढचा भाग एखाद्या कादंबरीत घातला असता तर संपादकाने ‘जरा अति होते आहे’ म्हणून काढायला लावला असता. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘किंडल वर्ल्ड्स’ नावाची योजना काढली. काही मालिकांच्या मालकांशी करार करून चाहत्यांना त्या पात्रांवर गोष्टी लिहून विकण्याची मुभा दिली. उत्पन्नातला एक हिस्सा लिहिणाऱ्याला, एक मालकाला. सुरुवातीच्या मोजक्या मालिकांत ‘द व्हॅम्पायर डायरीज’ होती. या योजनेत एल. जे. स्मिथ यांनी नाव नोंदवले आणि स्वतःच्याच स्टीफन, डेमन आणि एलिनाची गोष्ट चाहत्यांच्या रांगेत उभे राहून, चाहत्यांसाठी ठरलेल्या अटींवर पुढे लिहिली. आईने आपल्याच मुलांना भेटण्यासाठी पाहुण्यांच्या वेळेत यावे, तसे. ती योजनाही २०१८ मध्ये बंद झाली. मार्च २०२५ मध्ये स्मिथबाई वारल्या.

ती बातमी मला भाचीनेच फोन करून दिली. आता ती तिशीला आली आहे, हिशेबतपासनिसाची नोकरी करते. म्हणाली, ‘मामा, मी तेव्हा पुस्तकात त्यांना काय काय लिहून ठेवलं होतं रे.’ मग बराच वेळ दोघेही बोललो नाही.

चाहत्यांची बाजू घेताना त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांचा राग पुष्कळदा चुकीच्या दारावर जाऊन धडकतो. कंपनीला चेहरा नसतो, लेखकाला असतो, म्हणून शिव्या लेखकाला मिळतात. ‘व्हॅम्पायर डायरीज’च्या चाहत्यांत स्टीफनवाले आणि डेमनवाले असे दोन तट होते, आणि एलिनाने कोणाला वरावे यावरून त्यांच्यात जे रण माजे त्यापुढे आपल्या गावकीतली भाऊबंदकी सौम्य वाटेल. कोणतेही पुस्तक हाती आले की ते ‘आपल्या’ बाजूचे की ‘त्यांच्या’, एवढेच पाहणारेही थोडे नव्हते. मालिका २०१७ मध्ये संपली तेव्हा स्टीफनने प्राण दिले आणि एलिना डेमनची झाली. अर्ध्या चाहत्यांना ते अजून मान्य नसेल. पात्राने कधी बदलूच नये, असा हट्ट धरणारा वाचक पात्राला शवपेटीत घालून झाकण लावतो. तेही प्रेमच, पण त्या प्रेमात जीव गुदमरतो.

आणि तरीही चाहते सगळेच नाकारतात हे खरे नाही. ‘डार्क शॅडोज’मध्ये बार्नाबसला शाप देणाऱ्या अँजेलिक या चेटकिणीची भूमिका लारा पार्कर या नटीने केली होती. मालिका बंद पडल्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९९८ मध्ये, तिने स्वतः ‘अँजेलिक्स डिसेंट’ ही कादंबरी लिहिली आणि मार्टिनिक बेटावरचे अँजेलिकचे बालपण रंगवले. तेही मोकळ्या भूतकाळात केलेले बांधकामच होते. पण त्या बाईने ते पात्र वर्षानुवर्षे अंगावर वागवले होते. ती स्त्री कशाने चिडते, कशाने तुटते, हे तिला सारांशावरून कळून घ्यावे लागले नव्हते. त्या पुस्तकानंतर तिने याच मालिकेवर आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, शेवटची २०१६ मध्ये. वाचक मागे नसते तर हे झाले नसते.

‘व्हॅम्पायर डायरीज’मध्ये एक नियम आहे. घरातल्या माणसाने ‘आत ये’ म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. एकदा तर या नियमाचा फायदा घ्यायला साल्वातोर बंधू आपल्या वाड्याचे कागदपत्र एलिनाच्या नावावर करतात, म्हणजे कोणाला आत घ्यायचे हे तिने ठरवावे. मालिकेत ही युक्ती चालते. पुस्तकांच्या जगात मात्र मालकाने सही केली तरी लेखकाला आत जाता येत नाही. त्या घरात कागदावर नाव नसलेली माणसे राहत असतात. एक न्यू जर्सीत, एक सांगलीत. ती दारातून विचारतात, ‘कोण आपण? माईंना ओळखता का?’

आजही मालिका आणि चित्रपटांवरून पुस्तके निघतात, पुढेही निघतील. त्यांनी निघू नये असे मी म्हणणार नाही. माझ्या घराचे दोन महिन्यांचे भाडे अशा एका पुस्तकाने भरले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याने लिहिले त्याचे नाव मुखपृष्ठावर छापा, म्हणजे वाचकाला जाब कोणाला विचारायचा ते कळेल आणि लिहिणाऱ्यालाही लाज राहील. त्याला सारांश देऊ नका, मूळ भाग दाखवा. सहा आठवड्यांऐवजी सहा महिने द्या. आणि लेखकाने, मग तो कितीही गरजू असो, हे गृहीत धरावे की ही माणसे त्याच्या आधीपासून कोणाच्या तरी ओळखीची आहेत.

सांगलीच्या पत्रावरचा पत्ता अजून वाचता येतो. त्या बाई तिथे असतील की नाही, मला ठाऊक नाही. तरी गेल्या आठवड्यात मी उत्तर लिहिले आणि पेटीत टाकले. फार लिहिले नाही. पुस्तकातले ते पान चुकले होते, त्यात सारांश टाइप करणाऱ्याचा दोष नाही, मी मूळ भाग मागून पाहायला हवा होता, असे लिहिले. आणि खाली, आपले म्हणणे बरोबर होते, माई त्या घरात चहा पिणार नाहीत.